सोळा बटा

इतोकूच्या बाजारात सगळे अशाबीला भली बाई म्हणतात. मी तिच्या समोर तीस वर्षं मिरच्या आणि भेंड्या विकत बसलेय, तेव्हा माझं ऐका. ती भलीबिली काही नाही. मनात धरून ठेवणारी बाई आहे ती, आणि म्हणूनच मला आवडते. पटकन विसरणाऱ्या बायकांशी माझं कधी जमलं नाही.

तिचा धंदा वेण्या घालण्याचा. ती बाकावर बसते, गिऱ्हाईक खाली चटईवर, आणि गिऱ्हाइकाचं डोकं तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. शेजारी लाकडी कंगवा, ओरीच्या बियांतून काढलेल्या लोण्याची डबी आणि काळ्या दोऱ्याची रिळं. आमच्या अबेओकुता शहरात कुठे लग्न निघालं, बारसं निघालं, की बायका आधी तिच्याकडे धावतात. कसलाही गुंता आणा, ती कुणाचा केस तोडत नाही. "गुंत्याला तुमची घाई कळली की तो आवळतो," असं म्हणत बोटांनी सोडवत बसते.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. नवरा अकान्नी गरीब स्वभावाचा, घरात शब्द चालायचा तो त्याच्या थोरल्या बहिणीचा, मोजिसोलाचा. आमच्याकडे सासरच्या प्रत्येक माणसाला नवराच म्हणायचं, मग ती नणंद का असेना. त्यामुळे अशाबी तिला 'नवरोजी' म्हणायची आणि भेटली की गुडघे टेकायची. मोजिसोला तिला 'नवरी' म्हणायची. नऊ वर्षं जुनी नवरी! बाजाराच्या मधोमध उभी राहून विचारायची, "काय नवरी, लोकांचीच डोकी किती दिवस मांडीत घेणार?" आणि आम्ही सगळ्या मान खाली घालून आपापला माल निवडायचो.

दहाव्या वर्षी मुलगी झाली. सुईणीने बाळ उचललं आणि ओरडली, "अगं, ही तर दादा!"

आमच्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ नव्हे, आणि गल्लीतला गुंडही नव्हे. जे मूल जन्मतःच डोक्यावर कुरळ्या केसांच्या गाठी घेऊन येतं, ते दादा. ते आपलं डोकं आपल्यासोबत घेऊन आलेलं असतं. त्या केसांना कंगवा लावायचा नाही, कात्री तर नाहीच. हात लावायचा तो फक्त आईने. दुसऱ्या कुणी लावला तर मूल तापाने फणफणतं. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी आपल्या घरी बसावं.

मुलीचं नाव अवेरो, पण हाक मारायची दादा. ज्या बाईच्या हातातून कंगवा सुटत नसे, तिच्या लेकीच्या डोक्याला कंगवा माहीत नव्हता. दर शनिवारी ती पोरीला मांडीत घ्यायची. पाला उकळलेलं कोमट पाणी, काळा साबण, मग बोटाच्या टोकावर ओरीचं लोणी घेऊन एकेक बट मुळापासून टोकापर्यंत वळायची, टोकाला एकेक कवडी ओवायची. पोर इतकी सुस्तावायची की तोंडातून लाळ गळायची. सोळा बटा होत्या आणि सोळा जणींना नावं होती. मानेवरची वाढतच नव्हती, ती 'आळशी'. डाव्या कानामागे लपलेली ती 'चोरटी'. कपाळावर सारखी पुढे येणारी ती 'नाक खुपसणारी'. पोर विचारायची, "आई, आळशी उठली का?" ही म्हणायची, "कुठली उठतेय! तुझ्यावरच गेलीय." वर्षातून एकदा साधी चवळी शिजवून उसाच्या कांड्यांबरोबर गल्लीतल्या पोरांना वाटायची, दादाच्या डोक्याचं म्हणून. मीही खाल्लीय.

मोजिसोला शिवणकाम करायची. त्याच सुमारास ती एका प्रार्थना मंडळात गेली आणि तिला सगळीकडे सैतान दिसू लागला. विहिरीत सैतान, ढोलात सैतान, आणि सगळ्यात मोठा तो भाचीच्या डोक्यावर. "नवरी, ती जळातली भुतं आहेत. कापून टाक." अशाबी गुडघे टेकून म्हणायची, "बरं, नवरोजी," आणि शनिवारी पुन्हा लोण्याची डबी उघडायची.

पोर चार वर्षांची असताना अशाबीचे वडील इजेबूला वारले. दफनाला जायचं, रडारडीत पोर कशाला न्यायची, म्हणून अकान्नीने तिला तीन दिवस बहिणीकडे ठेवलं. अशाबी जाताना चार वेळा म्हणाली, "नवरोजी, डोक्याला हात लावू नका हो. तिचं ती खेळेल." मोजिसोला म्हणाली, "अगं, माझ्या भावाचं रक्त आहे ते. मी खाणार आहे का तिला?"

खाल्लं नाही. कापड कापायच्या कात्रीने सोळाच्या सोळा बटा कापल्या आणि अंगणात जाळल्या, कवड्यांसकट.

अशाबी आली तेव्हा पोर तापात होती. अकरा दिवस ताप हटला नाही. तापातच तिचा हात डोक्याकडे जायचा, चाचपायचा आणि रिकामा परत यायचा. मी पेज घेऊन गेले होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. बाराव्या दिवशी ताप उतरला, पोर वाचली. पण त्या दिवशी अशाबीने सवयीने तिच्या डोक्याकडे हात नेला आणि पोर अशी किंचाळली की शेजारची माणसं धावत आली. तिच्या लेखी आईनेच तिला त्या घरी नेऊन सोडलं होतं. तिने डोक्याला एक निळं फडकं बांधलं. झोपताना ते, जेवताना ते. आंघोळीला डोकं कोरडंच. अख्ख्या गावाची डोकी जिच्या मांडीत यायची, तिच्या मांडीत तिची लेक येईना.

मी म्हटलं, "जा, त्या मोजिसोलाच्या झिंज्या उपट."

"आज उपटल्या तर उद्या लोक माझ्याच नावाने बोलतील," अशाबी म्हणाली. "थांब गं. केस वाढायचे राहतात का कुणाचे?"

दोन वर्षं ती थांबली. मोजिसोला भेटली की गुडघे टेकायची, हसायची. लोक म्हणायचे, काय मोठं मन! मी समोरून मिरच्या निवडत तिचे डोळे बघायची आणि मला बरं वाटायचं.

दोन वर्षांनी मोजिसोलाला तिच्या मंडळाची माता नेमायचं ठरलं. तीन गावांची माणसं येणार, पांढरे झगे, वाजंत्री. आणि ती थेट अशाबीच्या बाकापुढे येऊन उभी राहिली, जणू काही घडलंच नव्हतं.

"नवरी, दोऱ्याच्या वेण्या घालून दे. अशा की लोकांनी बघत राहावं."

"हे काय सांगणं झालं, नवरोजी?" अशाबीने गुडघे टेकले. "घरचंच डोकं आहे. बसा."

दोऱ्याच्या वेणीत केसांच्या बटेवर मुळापासून टोकापर्यंत काळा दोरा घट्ट गुंडाळतात. वरून दोराच दिसतो. आत काय आहे ते फक्त घालणारीला ठाऊक.

नेमणुकीचं कळताच ती येणार हे अशाबीने ओळखलं होतं. आदल्या दिवशीच तिने माझ्याकडून कोवळ्या भेंड्या नेल्या होत्या आणि काजूच्या झाडाचा डिंकही मीच आणून दिला होता. कशाला ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. लोण्याच्या डबीत त्या दिवशी लोणी नव्हतं.

तिने मोजिसोलाचं डोकं गुडघ्यांमध्ये घेतलं आणि भांग पाडले. सोळा. मग एकेक बट उचलून बारीक कंगव्याने टोकाकडून मुळाकडे उलटी विंचरली, केसात केस अडकवला, डबीतला चिकट लगदा चोपडला, तळव्यात दाबून बट वळली आणि वरून दोरा आवळला. पुटपुटत होती. मोजिसोलाला वाटलं, मोजतेय. मी जवळ होते, मला ऐकू येत होतं. "ही आळशी. ही चोरटी. ही नाक खुपसणारी."

"डोकं जड झालंय गं नवरी."

"मानाचं डोकं जडच असायचं, नवरोजी. तीन आठवडे दोरा काढू नका, पाणी लावू नका. वेणी बसली पाहिजे."

समारंभात वेण्यांचीच चर्चा. काळ्या, चकचकीत, मुकुटासारख्या वर उभ्या. मोजिसोला अशी मिरवली की मान वळवताना अंगही सोबत वळायचं. लोकांनी इतकी स्तुती केली की तीन आठवड्यांचे तिने चार केले.

पाचव्या आठवड्यात तिच्या शिवणाच्या दुकानात शिकाऊ पोरीने दोरा उलगडायला घेतला. पहिल्याच वेणीला पोर मागे सरकली. दोरा निघाला, पण केस सुटेनात. आत जाडजूड, पिळलेली, दगडासारखी घट्ट बट. दुसरी तशीच. तिसरी तशीच. मंडळाची माताच सोळा बटांची दादा होऊन बसली होती!

बातमी दुपारच्या आत बाजारात आली. मंडळाच्या थोरांनी तीन दिवस तिच्याभोवती घंटा वाजवून प्रार्थना केली. गुंता प्रार्थनेला बधला नाही. मग थोर म्हणाले, मुली, हे तर तूच आम्हाला शिकवलंस, या बटा म्हणजे जळातली भुतं. एकतर डोकं मोकळं कर, नाहीतर खुर्ची मोकळी कर.

चौथ्या दिवशी भर दुपारी मोजिसोला डोक्याला चादर गुंडाळून इतोकूत आली. अशाबी बाकावर होती. अवेरो निळं फडकं बांधून माझ्या टोपल्यांजवळ बसली होती, आत्या दिसताच माझ्या मागे सरकली.

"काय केलंस गं हे?" मोजिसोला दात ओठ खात म्हणाली.

"मी? मी वेणी घातली, नवरोजी. सगळ्या गावाने बघितली."

"सोडव."

"कशी सोडवू? दादाच्या डोक्याला आईनेच हात लावायचा असतो. तुमच्या आई तर वारल्या." अशाबीने या वेळी गुडघे टेकले नव्हते.

आजूबाजूच्या बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. मोजिसोलाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मी चुकले. तुझ्या पाया पडते, नवरी, पण हे डोकं घेऊन मला तिथे उभं करत नाहीत." आणि ती खाली बसली. चटईवर, अशाबीच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये.

अशाबीच्या बोटांना तो गुंता सोडवता आला असता. चार दिवस लागले असते, पण आला असता. ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिने बोटं आपल्या मांडीवर ठेवली ती हलवली नाहीत.

"दादा, इकडे ये," तिने लेकीला हाक मारली. "तुझी आत्या विचारतेय, काय करायचं?"

पोर माझ्या मागून निघाली. हळूहळू गेली, हात पुढे केला आणि आत्याच्या डोक्यावर ठेवला. एकेक बट चाचपली, तापात स्वतःचं डोकं चाचपायची तशीच.

"कापल्या तर हिला ताप येईल," ती म्हणाली.

मोजिसोलाने डोळे मिटले. तिला वाटलं, सुटले. खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं आणि मला राग आला.

"येऊ दे," पोर म्हणाली.

अशाबीने मोजिसोलाच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "कात्री असेलच बरोबर. हाताला सवय आहे तुमच्या."

मोजिसोलाने आपल्या हाताने कापल्या, आमच्या सगळ्यांच्या समोर, रडत, वेड्यावाकड्या, सोळाच्या सोळा. कुणी हसलं नाही. तिने त्या बटा चादरीत गोळा केल्या आणि डोकं न झाकताच निघून गेली. तिला ताप आला की नाही, मी चौकशी केली नाही. चटईवर दोऱ्याचा एक तुकडा राहिला होता, तो अशाबीने उचलून टाकला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "भेंडी चांगली होती तुझी."

मी काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात अवेरो चटईवर जाऊन बसली. जिथून आत्या उठली होती, तिथेच. आईकडे पाठ करून तिने निळ्या फडक्याची गाठ स्वतः सोडली.

दोन वर्षं कंगवा नाही, पाणी नाही, कुणाचा हात नाही. केस आपले आपण वाढले होते आणि आपले आपण वळले होते, लहान लहान, धुळकट, घट्ट. अशाबीने दोन्ही हात वर उचलले आणि तसेच धरले. वेणी घालताना तिचा हात असा कधी थांबला नव्हता. कंगवा बाकावरून खाली पडला तो तिने उचललाही नाही.

पोरीने मानेमागे हात नेऊन एक आखूड बट चिमटीत धरली.

"आई, ही आळशीच आहे ना गं?"