पडद्यापलीकडची खाला

मीटिंग सुरू झाली की खाला डोक्यावर पदर घ्यायची. माझ्या लॅपटॉपवर दिसणारी माणसं घरात आलेली आहेत, असं ती मानत असे. "इतके लोक आले बेटा, कोणाले पाणी बी नाही विचारत तू," ती दबक्या आवाजात म्हणायची.

सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. अकोल्याच्या जठारपेठेत तिची एकच खोली होती. अर्धी तिने मला भाड्याने दिली होती. मध्ये जुन्या लाल साडीचा पडदा; एका बाजूला तिचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला माझं टेबल. दहाच्या सुमारास ऊन साडीतून गाळून येई आणि माझी बोटं, चहाचा कप, भिंत, सगळं लालसर होई. मशीनची घरघर लांबच्या पाण्यासारखी वाटे. जागेपणी झोपेत असल्यासारखे ते तास जात.

एका बातम्यांच्या संकेतस्थळासाठी मी मजकूर तपासत होते. नोकरी तीन महिन्यांच्या चाचणीवर होती. मीटिंगमध्ये मशीनचा आवाज दोनदा गेला. "तिसऱ्यांदा चालणार नाही," साहेब म्हणाले. खालाने ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मीटिंगच्या वेळी ती मशीन थांबवून हाताने टाके घालू लागली. मी नको म्हटलं.

"मीटिंग तुयी, मशीन मायी. तू बोल."

त्या उन्हाळ्यात दर्यापूरच्या एका लग्नाचे कपडे तिच्याकडे होते. ते मागे पडले. ज्या सकाळी माझ्या नोकरीचा निर्णय होता, नेमकी तेव्हाच नवरीची आई जीपने आली. जिन्यातूनच ओरडली, "खाला, परवा लगन हाये! पोरीले काय जुन्या साडीवर उभी करू?"

खालाने बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. माझ्या एका कानात साहेब बोलत होते, दुसऱ्या कानावर तिचं बोलणं येत होतं. "हळू बोल वं बाई. आत पोरीची नोकरी पक्की होऊन राहिली."

बाहेरचं ओरडणं थांबलं. नोकरी पक्की झाली. दार उघडलं तर दोघी पायरीवर बसलेल्या, नवरीचा घागरा दोघींच्या मांडीवर पसरलेला, दोघींच्या हातात सुया.

"झालं का वं?" नवरीच्या आईनेच आधी विचारलं.

पक्क्या नोकरीत अमरावतीच्या कार्यालयात जाऊन बसायचं होतं. निघताना खाला म्हणाली, "जाय बाप्पा आता. मले दिवसभर मशीन चालवू दे."

ऑटोत सामान चढवायला दहा मिनिटं लागली. अकराचा, रोजच्या मीटिंगचा सुमार होता. वर कोणाचीही मीटिंग नव्हती. मशीन सुरू झालं नाही.