सुईवाल्या काकांचं एकच मत

सुईवाले काका रक्त घ्यायचे, पण त्याविषयी बोलायचे नाहीत. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका लहानशा लॅबमध्ये ते कामाला होते. सकाळी स्कूटरवरून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि संध्याकाळी रिपोर्टचा लिफाफा हातात देऊन निघायचे. कुणी काही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मी रक्त घेतो, मत देत नाही."

माझे बाबा मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. थकवा वाटतो म्हणून तपासणी केली, तर ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. नागपूरच्या उन्हात राहून ड कमी, याचं त्यांना हसूच आलं. पण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बंद नियंत्रण कक्षात काढली होती. पुढे त्यांनी कुठेतरी वाचलं, की ड कमी असलेल्यांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. मग आठवड्याची कॅप्सूल त्यांनी कधी चुकवली नाही. दर तीन महिन्यांनी काकांना बोलावून रक्त तपासून घ्यायचे. आकडा चढत गेला तसे ते निर्धास्त झाले. थकवा मात्र गेला नाही. तो आम्ही वयाच्या खाती टाकला.

एका संध्याकाळी लिफाफा दिल्यावर काका निघाले नाहीत, दारातच उभे राहिले. बाबा मला ड चा आकडा कौतुकाने वाचून दाखवत होते.

"साहेब, ड भरलं," काका म्हणाले, "पण हिमोग्लोबिन तीन रिपोर्टपासून उतरून राहिलं. तुमचं रक्त कुठं चाललं, थे पाहा."

मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, संडासाला रक्त जातं का. बाबांनी हातातला रिपोर्ट मिटला. जात होतं. मूळव्याध असेल म्हणून त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं.

दुर्बिणीने तपासलं. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती, पण पसरली नव्हती. ऑपरेशननंतर बाबांनी डॉक्टरांना विचारलं, ड कमी होतं म्हणून हे झालं का. ते म्हणाले, दोन्ही बरेचदा सोबत दिसतात, पण एकामुळे दुसरं होतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. तुमच्या बाबतीत तर सांगताच येणार नाही. बाबांना ते उत्तर पटलं नाही.

आभार मानायला मी काकांच्या घरी गेले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "माह्या बायकोचे रिपोर्टही मीच घरी आणत होतो वं. तिचं हिमोग्लोबिन असंच उतरत होतं. डॉक्टर सांगतील म्हणून मी बोललो नाही." एवढं बोलून ते चहा ठेवायला आत गेले.

त्यानंतर दर फेब्रुवारीत त्यांचा बाबांना फोन यायचा, फेरतपासणीची वेळ घेतली का म्हणून. गेल्या पावसाळ्यात काका गेले. यंदा बाबांनी आपणहून वेळ घेतली. मग काकांच्या घरी फोन लावला आणि त्यांच्या मुलाला तारीख सांगितली.