हाल्वर नेसचं न दिलेलं मत

माझा धाकटा भाऊ हाल्वर नेस सहा वर्षं राज्याच्या विधानसभेत होता. एरवी गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. अधिवेशनाचे चार महिने राजधानीतल्या स्वस्त मॉटेलात राहायचा आणि दर शनिवारी दोनशे मैल गाडी हाकत घरी यायचा. आयुष्यात त्याने एकच विधेयक मांडलं: आमच्यासारख्या गावांतली इस्पितळं बंद पडू नयेत म्हणून सरकारी मदत.

मतदानाच्या आदल्या दिवशी विरोधी बाजूचा डेल क्रेब्ज त्याच्याकडे आला. उद्या बायकोचं ऑपरेशन होतं म्हणे. तिथे जुनी रीत आहे. एकाला अडचण आली की समोरच्या पक्षातलाही एक जण मतदानाला जात नाही, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. लिखापढी नसते, नुसता हात मिळवायचा. आमच्या भोळ्या सांबाने स्वतःच्या विधेयकावर हात मिळवला.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. क्रेब्जने कळवलंसुद्धा नाही, सरळ सभागृहात जाऊन विरोधात हात वर केला. मतं समसमान पडली, आणि बरोबरी झाली की विधेयक पडतं. हाल्वर तेव्हा मॉटेलात शब्द पाळत बसला होता.

इस्पितळाला कुलूप लागलं. निवडणुकीत क्रेब्जच्या पक्षाने घरोघर पत्रकं वाटली, ‘मतदानाच्या दिवशी नेस कुठे होते?’ दुकानात लोक तोंडावर विचारायचे, "काय हाल्वर, झोप झाली का?"

"सांगून टाक ना खरं," मी म्हटलं.

"बायकोच्या आजारपणावरून त्याला चव्हाट्यावर आणू, ताई?"

"त्याला जनाची नाही, मनाचीही लाज नाही, आणि तू त्याची अब्रू झाकत बस."

"शब्द मी दिला होता. मी पाळला. बस्स."

निवडणुकीत तो पडला. गावानेच पाडला.

तीन वर्षांनी, गव्हाच्या कापणीत त्याच्या छातीत कळ आली. जवळचं इस्पितळ आता साठ मैलांवर. गाडीत मी त्याचा हात धरून बसले होते. चाळीसाव्या मैलावर तो गेला. बंद पडलेलं इस्पितळ आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर होतं.

अंत्यविधीला क्रेब्ज काळा कोट घालून आला. शवपेटी उचलायला पुढे झाला, तसा मी त्याचा हात धरला.

"त्या दिवशी हा हात आवरला नाहीस," मी म्हटलं. "आज आवर."

"कुठल्या दिवशी?" मागून कुणीतरी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं, पाद्र्यासमोर, अख्ख्या गावासमोर. सांगून झालं, आणि पेटीला हात लावायला क्रेब्जच काय, त्याला पाडणाऱ्या गावातलंही कुणी धजेना.