आधी श्लोक, मग बोलणं

"अज्जा, हे स्टटरिंग आहे," स्पीच थेरपिस्ट कानडीत म्हणाली. अज्जा म्हणजे आजोबा, आणि स्टटरिंग म्हणजे बोलताना अडखळणं. शब्दाचं पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येतं, नाहीतर घशातच अडकून बसतं. आपण ज्याला तोतरेपणा म्हणून मोकळे होतो, ते.

मी लगेच हरकत घेतली. निपाणीकडच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केलेला माणूस मी, हरकत घेतल्याशिवाय काही ऐकून घेत नाही. म्हटलं, "शक्यच नाही. ही पोर अख्खं स्तोत्र एका दमात म्हणते. गार्गी, म्हणून दाखव."

माझ्या सात वर्षांच्या नातीने हात जोडले, डोळे मिटले आणि घडाघडा म्हटलं. एका अक्षराला अडली नाही. मी ऐटीत थेरपिस्टकडे पाहिलं. माझी सून रेणुका मात्र मान खाली घालून बसली होती.

"यावरून तर माझी आणखी खात्री झाली," थेरपिस्ट म्हणाली. "पाठ केलेलं, चालीवर म्हटलेलं बहुतेकदा अडत नाही. स्वतःचं वाक्य जुळवून बोलायचं असतं तेव्हा अडतं. ती मुद्दाम करत नाही. आळसही नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी त्या खोलीत करून घेतलं.

मुलगा आणि सून नोकरीला बेळ्ळंदूरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथून बनशंकरीला घरी पोचेपर्यंत त्यांची दिवेलागण उलटून जाते. त्यामुळे शाळेनंतर गार्गी माझ्या ताब्यात. पाचेक वर्षांची असताना ती 'आ-आ-आजोबा' म्हणायला लागली. आधी आम्हाला गंमत वाटली. मग मी वेखंड उगाळून तिच्या जिभेला चोळलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, बाकी काही झालं नाही. रेणुका म्हणाली, "डॉक्टरांना दाखवू या का, बाबा?" मी म्हणालो, "कशाला? जीभ जड आहे. पाठांतराने सुटेल."

आणि सुटली की! निदान मला तसं दिसलं. गणपतीत इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात तिला पाठांतराचं बक्षीस मिळालं, शाबासकी मी घेतली. मग घरात नियम केला. बोलताना अडलीस की थांबायचं, आधी श्लोक म्हणायचा, मग बोलायचं. पाणी मागायचं असलं तरी. आणि तरीही अडलीच, तर माझं ठरलेलं वाक्य होतं, "म्हणताना येतं, मग बोलताना काय होतं तुला? लक्ष कुठे असतं?"

याचं उत्तर द्यायचं तर तिला बोलावंच लागलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

एक दिवस वर्गात तिच्या पोटात दुखायला लागलं. बाईंनी विचारलं, काय होतंय? शब्द अडला. तेव्हा तिने घरचा नियम पाळला. हात जोडले आणि श्लोक सुरू केला. वर्ग हसला. बाईंना वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. त्यांनी तिला उभं करून ठेवलं. घरी येऊन ती ओकली, तेव्हा पोटाचं आम्हाला कळलं. बाकीचं तिच्या मैत्रिणीच्या आईने फोनवर सांगितलं.

त्यानंतर गार्गी बोलेनाशी झाली. मान हलवायची, बोट दाखवायची. श्लोक मात्र सांगितला की म्हणायची.

रेणुकाने या वेळी मला विचारलं नाही, थेट हॉस्पिटलात नाव घातलं. आधी ऑडिओमेट्री झाली, म्हणजे कानांची तपासणी. हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. मी बाहेर बाकावर बसून देवाला म्हणत होतो, कानातच दोष निघू दे. कारण तो माझ्या माथी आला नसता. याची आजही लाज वाटते. कान ठणठणीत निघाले.

थेरपिस्टने गार्गीच्या आधी मलाच शिकवायला घेतलं. अडखळणं माझ्यामुळे सुरू झालं नव्हतं, असं तिने स्पष्ट सांगितलं. बोलण्याची धास्ती कुठून आली, ते मी विचारलं नाही. मग तिने नियम सांगितले. गार्गीचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. 'नीट बोल', 'श्वास घे' म्हणायचं नाही. "अज्जा, स्वल्प थांबा. ती कसं बोलते ते सोडा, काय बोलते ते ऐका."

"पूर्ण बरी कधी होईल?" मी विचारलं.

"थोडं अडणं कदाचित राहीलही. अडत का होईना, तिला बोलावंसं वाटलं पाहिजे."

तुमच्या घरी असं मूल असेल तर माझ्यासारखी वर्षं घालवू नका. आणि पाठांतर उत्तम आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

हळूहळू गार्गी आईशी बोलू लागली, थेरपिस्टशी बोलू लागली, शेजारच्या अक्कांशीसुद्धा. माझ्याशी नाही. मी समोर आलो की हात जोडायची.

एका संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावला, तशी ती हात जोडून उभी राहिली. मी म्हटलं, "आज श्लोक नको. तुला काय सांगायचंय ते सांग."

तिने जोडलेले हात सोडले. मग म्हणाली, "आ-आ-आजोबा, तुम्हाला..." ओठ घट्ट मिटले, मान ताठ झाली. पुढचा शब्द माझ्या जिभेवर आला होता, तो गिळला. "तुम्हाला माझे श्लोक आवडतात. मी ब-ब-बोललेलं नाही आवडत."

'असं नाही गं' म्हणणार होतो, पण खरंच होतं ते. मी म्हटलं, "चुकलं माझं, बाळा. आणखी सांग."

तिने पोटावर हात ठेवला. "त्या दिवशी शाळेत इ-इ-इथे दुखत होतं."

"फार?"

"हो," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवर बसून अडत अडत सगळं पहिल्यापासून सांगू लागली. दिव्यातलं तेल संपत आलं होतं. मी उठलो नाही.