थोरला आत गेला का?

मंडळी, तंजावूरच्या इंटरनेट कॅफेतून लिहितोय. राहवतच नाहीये!

मी चर्चचा पाळक माणूस, नगरहून पेटीभर येशूच्या गोष्टींच्या मराठी पुस्तिका घेऊन आलो. आज दुपारी एका निवृत्त मास्तरांच्या घरी वाटल्या, तर सगळे नुसती चित्रं बघत बसले. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. हे मी आधी विचारलंही नव्हतं!

मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, "वाचायला येत नाही आम्हाला. तुम्ही सांगा की."

मग झांजा मागितल्या आणि त्यातली उधळ्या मुलाची गोष्ट कीर्तनासारखी रंगवली. धाकटा सगळं उडवून परत येतो, बाप मेजवानी घालतो, थोरला रागावून दाराबाहेरच उभा राहतो.

"मग थोरला आत गेला का?" बाईंनी विचारलं.

"येशूने ते सांगितलंच नाही."

त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "थोरले हे बसलेत. यांनाच विचारा."

 मास्तरांनी उठून पापनाशमला धाकट्या भावाला फोन लावला. बारा वर्षांचा अबोला होता. "उद्या जेवायला ये," एवढंच म्हणाले.

प्रभूची स्तुती असो! पेटी भरलेलीच परत नेतोय, आणि छाती फुगवून नेतोय.

आता तुम्ही सांगा, तुमच्यातलं कोण अजून दाराबाहेर उभं आहे?