मधली चित्रं

कामावर तिला सगळे ‘मधली’ म्हणत. घरीही ती तीन बहिणींतली मधलीच, त्यामुळे हे नाव तिला कधी खटकलं नाही, आणि तेवीस वर्षांत ते बदलायच्या भानगडीतही कुणी पडलं नाही.

भोपळू नावाचं एक गोल गरगरीत अस्वल टीव्हीवर फार चालायचं. गळ्यात मफलर, पुढचे दोन दात बाहेर, चालताना आधी पोट आणि मागून बाकीचा भोपळू. मुलांच्या दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, टूथब्रशच्या दांडीवरसुद्धा तोच. ते कार्टून जिथे तयार व्हायचं तिथे ती काम करायची. भोपळूला हात वर करायचा असला, की हात खाली असलेलं पहिलं चित्र आणि हात वर गेलेलं शेवटचं चित्र दादा काढायचे. दादा म्हणजे तिथले मोठे चित्रकार. मधली पाच-सहा चित्रं हिची. काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर ती कागदांवर कागद ठेवायची. खालच्या रेघा वरच्या कागदातून दिसायच्या, त्यांच्या बरोबर मधोमध पेन्सिलीनं तिसरी रेघ ओढायची. मग त्या तिसरीच्या आणि पहिलीच्या मधोमध चौथी. दिवसाला चाळीस कागद. रबराचा चुरा ब्रशनं झटकून मान वर करावी, तर चहा केव्हाच गार झालेला असायचा.

मानेला पट्टा, मनगटाला पट्टा. ‘‘आता कपाळाला एक बांध, म्हणजे संच पुरा होईल,’’ नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली करून आलेला असायचा, त्यामुळे संध्याकाळी दोघं फार बोलत नसत. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

अलीकडे मधली चित्रं कंप्युटर काढू लागला होता. अकरा टेबलांपैकी सातांचे दिवे बंद झाले होते, त्यांच्यावर कुणीतरी जुन्या फायली आणि मोडका पंखा आणून ठेवला होता. उरलेल्या चौघींना कुणी ‘जा’ म्हणत नव्हतं आणि ‘राहा’ असंही म्हणत नव्हतं. तिला वाईट वाटत असेलच. पण वाईट वाटून घ्यायलाही जरा निवांत बसावं लागतं, आणि दादांचे कागद तर यायचे थांबत नव्हते.

एका सोमवारी दादांची कंबर धरली. ते खुर्च्यांचा आधार घेत, अर्धे वाकलेले, तिच्या टेबलाशी आले.

‘‘उद्या एका शाळेत जायचंय. चौथीच्या मुलांना भोपळू काढून दाखवायचा. माझ्याच्यानं पायरीसुद्धा चढवत नाही. तू जाशील?’’

‘‘मी? अहो, मला चार माणसांत बोलता येत नाही.’’

‘‘बोलायचंय कशाला? काढायचंय. तेवीस वर्षं दुसरं काय करतेयस?’’

दुसऱ्या दिवशी पेन्सिल पिशवीत टाकून ती गेली.

वर्ग भरलेला होता. वर्गबाईंनी फळ्यावर मोठा पांढरा कागद चिकटवून ठेवला होता. ‘‘मुलांनो, या बाई भोपळू काढतात बरं का!’’ त्या म्हणाल्या आणि पन्नास पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिनं पेन्सिल घेतली. पाठ वर्गाकडे, तोंड कागदाकडे; हे तिला बरं वाटलं. डोक्याचा गोल, पोटाचा गोल, कान, मफलर. हात सवयीनं चालला. काढून झाल्यावर ती बाजूला सरली.

मग पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, ‘‘हा झोपलाय.’’

तिनं वळून पाहिलं. भोपळूचे डोळे अर्धे मिटलेले होते. तोंड अर्धवट उघडं, एक पाय जमिनीपासून बोटभर वर, हात ना खाली ना वर. तेवीस वर्षं तिनं काढला होता तसा.

‘‘थांबा हं, नीट काढते.’’ तिनं शेजारी दुसरा काढला. डोळे टक्क उघडे ठेवायचे असं मनाशी घोकत काढला, तरी पापणी थोडी उतरलीच, आणि यावेळी मानही वळता वळता राहिली.

‘‘याला शिंक येतेय!’’ मागून कुणीतरी ओरडलं, आणि वर्गात हशा पिकला.

‘‘असं बोलू नये पाहुण्यांना,’’ वर्गबाई म्हणाल्या, पण त्यांचेही ओठ हलत होते.

तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सरळ, दोन पायांवर उभा भोपळू आपण कधी काढलाच नाही, हे तिला पन्नास पोरांसमोर कळावं! तो नेहमी दादांकडून आयता यायचा. तिथून तो निघाला की ती त्याला धरायची आणि पलीकडे पोचायच्या आत सोडायची. पेन्सिल पिशवीत टाकून घर गाठावं असं तिला फार वाटलं. पण गुडघे दुखत होते, आणि समोर पहिल्या बाकावर जागा होती. ती त्यावर बसली.

‘‘तुला येतो का नीट काढता?’’ तिनं वेण्यांच्या मुलीला विचारलं.

‘‘हो! मला पाठ आहे.’’

‘‘मग या छोट्या कागदावर काढ. हात खाली असलेला.’’

मुलीनं जीभ बाहेर काढून, कागद फाटेल इतकी पेन्सिल दाबून भोपळू काढला. डोळे बशीएवढे उघडे.

‘‘आता त्याच्यावर दुसरा कागद धर, आणि हात वर केलेला काढ.’’

तोही झाला. ते दोन कागद घेऊन ती खिडकीशी गेली. इथे दिव्याचं टेबल नव्हतं, म्हणून तिनं कागद खिडकीच्या काचेवर उन्हात धरले. पोरं भोवती गोळा झाली. मधोमध रेघ, मग तिच्याही मधोमध रेघ. आता हाताला काही सांगावं लागलं नाही. अर्धी पापणी, पाव पापणी. पाच चित्रं झाली. सातही कागद तिनं क्रमानं एकावर एक ठेवले, एका कडेला घट्ट धरले आणि अंगठ्याखालून भराभर सोडले.

भोपळूनं डोळे मिचकावले आणि हात वर केला.

मग एकच गलका. ‘‘परत! परत!’’ तिनं परत दाखवलं. अकरा वेळा दाखवलं, अंगठा बधिर होईपर्यंत.

‘‘तुमचं नाव टीव्हीवर येतं?’’ वेण्यांच्या मुलीनं विचारलं.

‘‘नाही. आम्ही पुष्कळजणी असतो.’’

‘‘मग तुमचं चित्र कुठलं, ते तुम्हाला कसं कळतं?’’

‘‘नाही कळत,’’ ती म्हणाली. ‘‘कुणाचा हात ते ओळखू येऊ नये, हेच तर आमचं काम.’’

मुलीला हे पटलं नाही. तिनं सातही कागद मागून घेतले आणि आपल्या वहीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी दादांनी विचारलं, ‘‘काय, झाली का वाहवा?’’

‘‘पोरं म्हणाली, झोपलाय.’’ तिनं सगळं सांगितलं. दादा इतके हसले की कंबर धरून त्यांना खाली बसावं लागलं. मग ते टेबलावरच्या चुऱ्यात बोट फिरवू लागले.

‘‘पुढच्या भागात एक छोटा तुकडा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘भोपळू दारात उभा राहतो, बस, एवढंच. पहिलं आणि शेवटचं तू काढ.’’

‘‘नको दादा. मला नाही जमायचं, कालच कळलं. आणि मान फार धरलीय.’’

‘‘धरू दे. माझी कंबर धरलीय. काढ.’’

तिला तीन दिवस लागले. चौदा कागद फाडले. चौथ्या दिवशी भोपळू उभा राहिला. दादांनी एक कान जरा खाली घेतला आणि कागद पुढे पाठवला. एवढ्या खटपटीनंतर आनंद होईल असं तिला वाटलं होतं. तिला झोप आली.

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, तो भाग लागला. स्वयंपाकघरात असलेल्या नवऱ्याला तिनं हाक मारून बोलावलं. तो चष्मा शोधत आला, चष्मा सापडेना, म्हणून पुन्हा आत गेला. तेवढ्यात भोपळू दारात उभा राहिला आणि निघूनही गेला. दोन सेकंद असतील, नसतील.

‘‘कुठे? कुठाय?’’ नवरा चष्मा पुसत बाहेर आला.

‘‘झालं.’’

‘‘अगं, मग थांबवायचं ना! कसा होता?’’

‘‘उभा होता,’’ ती म्हणाली, आणि मनगटाचा पट्टा सोडून गरम पाण्याची पिशवी भरायला उठली.