उजवीकडून उघडायचं पुस्तक

कवळीवाल्यांना सगळा रस्ता मान देत असे, आणि त्या मानाची त्यांना चांगलीच सवय झाली होती. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे. हे आपल्या खोलीत बसून प्लास्टरचे जबडे ओतायचे, मेणात दात बसवायचे आणि कवळी अशी घासूनपुसून द्यायचे की म्हाताऱ्या माणसाला पुन्हा हसावंसं वाटावं. या कामात सगळी मेख उजव्या-डाव्याची. समोर ठेवलेल्या जबड्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, आणि नवशिका हमखास तिथेच आपटतो. कवळीवाले कधी आपटले नाहीत. "उजवं-डावं मला झोपेतही कळतं," असं ते ज्याला त्याला ऐकवायचे. ऐकणारा बिचारा मान डोलवायचा, कारण त्याच्या तोंडात बहुधा त्यांनीच बनवलेले दात असायचे.

त्याच रस्त्यावर सोफे दुरुस्त करणारा उलटोबा. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. उलटोबाचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. दुकानाच्या पाटीवरही त्याने 'उलटोबा' असंच रंगवून घेतलं होतं. सोफा उलटा केल्याशिवाय आतल्या स्प्रिंगांपर्यंत हात पोचत नाही, तेव्हा गिऱ्हाइकांना वाटायचं, नाव धंद्यावरून पडलं असणार. नाव धंद्याच्या फार आधी पडलं होतं, आणि ते कवळीवाल्यांनी ठेवलं होतं.

हाताचा कसबी माणूस, पण मत विचारलं की मिठाची गुळणी. ओठांत बारीक खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळे बोलण्याऐवजी हुंकार. खिळे नसले तरी उत्तर एकच. "माझं डोकं उलटं. त्याला विचारा." तो म्हणजे कवळीवाले. घराचा रंग, मुलीचं शिक्षण, बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं कवळीवाल्यांनी ठरवलं. त्यात त्यांना कधी वावगं वाटलं नाही. आपण दोस्ताला सांभाळून घेतो, या समाधानात ते चहा प्यायचे.

आता उलटोबाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगी नर्स. सासरच्यांची एकच अट होती, नोकरी सोडून त्यांच्या दुकानात बसायचं. उलटोबाने हे नेहमीप्रमाणे दोस्तापुढे ठेवलं. कवळीवाल्यांनी हातातल्या कामावरची नजरसुद्धा उचलली नाही. "घर चांगलं आहे. हो म्हणून टाक." झालं. सोमवारी होकार कळवायचं ठरलं.

मधल्या रविवारी कवळीवाल्यांचा वाढदिवस होता. लेकीने मोठं खोकं आणून पुढ्यात ठेवलं. आत एक जपानी चित्रकथा, हल्लीची पोरं ज्याला मांगा म्हणतात ती, सगळे भाग, भाषांतर केलेली.

"बाबा, तुमची सोंगट्यांची गोष्ट! केवढी शोधली मी."

ती गोष्ट तिला पाठ होती. लहानपणी झोपताना रोज तीच मिळायची. उंच आणि बुटका असे दोन दोस्त, दोघे सोंगट्यांचा डाव खेळतात, स्पर्धा जिंकत जातात. आणि शेवटच्या डावाआधी बुटका उंचाच्या हातातली पांढरी सोंगटी घेतो आणि भर पावसात पळून जातो. गोष्ट संपली की कवळीवाले तात्पर्य सांगायचे, "दोस्ती करावी, पण सोंगटी आपल्याच मुठीत ठेवावी."

मुळात ती पुस्तकं शाळेत असताना त्यांना आणि उलटोबाला रद्दीच्या दुकानात सापडली होती. कव्हरं गेलेली, आणि लिपी अशी की एक अक्षर लागेल तर शपथ. चित्रं बघून गोष्ट जुळवायची. जुळवायचे अर्थात कवळीवाले, दोस्ताने ऐकायची.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी पहिला भाग उघडला. पहिल्याच पानावर एक पोरगा हात आडवा करून उभा होता, आणि खाली छापलं होतं, 'थांबा! हा पुस्तकाचा शेवट आहे. आमच्याकडे पुस्तक उजवीकडून उघडतात. दुसऱ्या बाजूने या.'

कवळीवाले आधी हसले. मग त्यांनी पुस्तक फिरवलं आणि वाचायला लागले, आणि हसू मावळलं. गोष्ट तीच होती, पण ती भलतीकडेच चालली होती. जिथे ते दोघे भांडले होते तिथे आता ते समेट करत होते. वाचता वाचता ते त्या पानाशी आले. पांढरी सोंगटी हरवली होती. ती शोधायला बुटका गावभर फिरला होता. तो पावसातून धावत येत होता, दारात उभा राहत होता आणि मूठ उघडून सोंगटी दोस्ताच्या हातात देत होता. उंच पोराचं तोंड रागाने वाकडं झालंय असं कवळीवाल्यांना जन्मभर वाटत आलं होतं. ते रडत होतं.

आणि मग त्यांना ते आठवलं. वर्गात, मधल्या सुट्टीत, हेच पान पुढ्यात धरून दोस्त म्हणाला होता, "बाहेर जायच्या आधीच हा भिजला कसा? मला वाटतं, आपण पुस्तक उलट्या बाजूनं बघतोय."

किती साधा प्रश्न. हातच्या काकणाला आरसा नको, इतकं उघड. पण पोरं भोवती जमली होती, आणि चुकलो म्हणायचं तर सगळ्यांदेखत म्हणावं लागलं असतं. ते बाकावर चढले होते. "घाम आहे तो घाम! याचं डोकंच उलटं! उलटोबा!" सगळा वर्ग खो खो हसला. दोस्तही हसला होता, थोडा उशिरा.

कवळीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उजव्या-डाव्यावर पोट भरणारा माणूस, आणि दिव्याखाली एवढा अंधार! तरी पुस्तक चुकल्याची लाज त्यांना सोसली असती. पण दोस्ताच्या तोंडचं "माझं डोकं उलटं" आठवलं, आणि त्यांना वर बघवेना. लेकीने विचारलं, "आवडलं का?" ते म्हणाले, "हो." खरं सांगायचीही लाज वाटली.

सोमवारी पुस्तक बगलेत मारून ते सोफ्यांच्या दुकानात गेले. उलटोबा एका पालथ्या सोफ्याला पट्टे ठोकत होता. मुलगी ड्यूटीवरून तशीच गणवेशात आली होती, फोन हातात घेऊन. सासरी कळवायचं होतं.

"आधी हे बघ," कवळीवाले म्हणाले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. पाऊस, सोंगटी, घाम, बाकावर चढणं. "तू बरोबर होतास. मी चुकलो, आणि वर नाव तुला ठेवलं."

उलटोबाने हात पँटला पुसले, पुस्तक घेतलं आणि डावीकडून उघडलं.

"इकडून नाही रे."

"असं होय," म्हणत त्याने ते फिरवलं, चार पानं चाळली आणि खिळे सांभाळत ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "नव्यानं छापताना घोळ झाला असेल यांचा. तू कसा चुकशील?"

तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा केली असती तर कवळीवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता.

"बाबा, मग कळवू ना हो म्हणून?" मुलीने विचारलं.

उलटोबाने सवयीने दोस्ताकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," कवळीवाले म्हणाले. "मी तेव्हा काम करता करता बोललो. विचारही केला नाही. लेक तुझी आहे. तुला काय वाटतं ते तू सांग."

उलटोबाने एकेक खिळा तोंडातून काढून तळहातावर ठेवला.

"मला वाटतं, नोकरी सोडू नकोस," तो मुलीला म्हणाला. "ड्यूटीवरून आलीस की जेवताना किती बोलतेस तू. कोण बरं झालं, कोण चालायला लागलं. दुकानात बसून काय सांगशील? त्यांना चालत असेल तर ठीक, नाहीतर राहू दे. पहिल्या दिवसापासून मला हेच वाटतंय."

मुलीचे डोळे भरून आले. "मग बोलला का नाहीत, बाबा?"

त्याने खिळे खिशात टाकले. फोन घेऊन ती बाहेर गेली, तशी त्याने कवळीवाल्यांची बाही हळूच ओढली आणि दबक्या आवाजात विचारलं,

"बरोबर बोललो ना रे?"

कवळीवाल्यांना 'हो' म्हणायचीसुद्धा लाज वाटली.